आमच्या जवाईबापूचं नियमाचं झाड

२०१९ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि एवढा आळशी अन् एवढा कष्टाळू माणूस एकाच अंगात राहतो हे तोवर पाहिलं नव्हतं. तो म्हणजे माझ्या साळ्याचा जावई. नागपूरची कम्प्युटरची नोकरी घरूनच करायला मिळाली म्हणून धानोऱ्याकडच्या आमच्या गावात येऊन राहिला. एक गोष्ट दोनदा करणं त्याला पाप वाटे, आणि ते टाळायला तो दहापट मेहनत करी. चहा कसा पाहिजे हे त्यानं एकदा कागदावर लिहून काढलं. मग कोणाच्याही घरी गेला की बोलणं नाही, कागद पुढे. माझ्या बायकोनं विचारलं, "जवाईबापू, आवाज बसला का तुमचा?" तर त्यानं कागद उलटा केला. मागं लिहिलं होतं, 'नाई बसला.'

ग्रामसभेच्या याद्या कम्प्युटरवर चढवायचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं. सभेची, बांबूची, तेंदूपानाची, जेवणावळीची, अशा चार याद्या. चारहींत पहिला सवाल एकच, गावचा माणूस कोण? त्यानं माझ्या अंगणात कोळशानं झाड काढलं. फांदी फुटली तिथं 'आणि' नाहीतर 'किंवा'.

"नियम एकदाच बांधाचा, मामाजी. मंग कोनत्याबी यादीले जोडता येते."

"मंग सरळ लिहा ना. झाड काऊन काढता?"

"नियमाची पुडी बांधून देल्ली तर कम्प्युटर ते उघडत नाई. साऱ्यायची नावं बाहेर आनते अन् मंग निवडत बसते. फांद्या मोकळ्या दिसल्या तर आतल्या आतच निवडते."

मी चौथी शिकलो, पण हे मला पटलं. बांबू जंगलातच निवडून तोडतात, सारं रान घरी आणून निवडत नाहीत.

नियम मी सांगितला, कारण गावात जाणता मीच. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या घरी चूल पेटली, तो गावचा. "एखांदी फांदी राह्यली का?" त्यानं विचारलं. "मी सांगतलो ना, लिहा," मी म्हणालो. मग तो घरोघर पोळ्याचं विचारत फिरला. माझ्या बायकोनं खरं ते सांगून टाकलं.

याद्या भिंतीवर लागल्या, तर चारहींत माझं नाव नाही. त्या वर्षी पोळ्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही दोघं अहेरीला लेकीकडे होतो, घराला कुलूप. चाळीस वर्षं सभेत पहिला बोलणारा मी, आता मला सभेत बसताही येणार नव्हतं. संध्याकाळी तणतणत त्याच्याकडे गेलो.

"माझं नाव हातानं टाका."

"हातानं टाकलं तर नियम खोटा पडते, मामाजी."

"मंग नियम बदलवा."

"बदलवतो. चारही याद्या एका दमात सुधरतीन. पन काय चुकलं ते तुमीच सांगा."

चुकलं हा शब्द माझ्या बायकोनंही माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुमच्या नियमानं आनखी दोन घरं गळली. एक बाई लेकीच्या बाळंतपनाले गेली होती, एक म्हातारा दवाखान्यात होता. तुमचा शब्द म्हनून दोघंबी चूप बसले."

आता तो नागपूरला परत गेलाय. माझ्याशी असं तोंडावर बोलणारं गावात कोणी उरलं नाही. पण त्याचं ते बोलणं ऐकलं त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्या बाईच्या दारी गेलो, मग म्हाताऱ्याच्या, आणि दोन्हीकडे म्हणालो, "माझं चुकलं." मग दोघांना पुढे घालून जवाईबापूकडे नेलं अन् सांगितलं, "हे सांगतीन तशी फांदी लिहा."