साहेबाची पाचवी गोळी

चहा येतोय, तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. हसायचं असेल तर शेवटी हसा, कारण घडत होतं तेव्हा मला हसू सुचत नव्हतं. आजही लग्नात सुतळी बॉम्ब वाजला की मी आधी आजूबाजूच्यांचे चेहरे जागेवर आहेत का ते बघतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी तेव्हा बहारीनला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डाच्या टूलरूममध्ये होतो. राहायला हूरा नावाच्या वस्तीत, दोन खोल्यांत, मी आणि माझी बायको सुलभा.

माझा साहेब हॅरिस. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, बोलायला कमी. त्याला व्यसन एकच, नेमबाजी. रीतसर परवाना, रीतसर क्लब, आणि दर शुक्रवारी सकाळी अवाली गावाच्या पुढे वाळवंटात जाऊन कागदाला भोकं पाडणं. बरं, बंदूक तरी दुकानातली चालावी? नाही. नळी खास मागवलेली, लाकडी दस्ता स्वतः तासलेला, आणि काडतूस तर जगातल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही असं. मोठ्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान दाबून बारीक करायची आणि तिच्यात बारकी गोळी बसवायची. म्हणजे म्हणे गोळी सरळ रेषेत सुटते. अशा घरगुती काडतुसाला त्यांच्यात 'वाइल्डकॅट' म्हणतात. रानमांजर.

आता ती मान दाबायची तर पोलादी साचा हवा. तो साचा मी कातला. केसाच्याही अंशाचं काम, लेथवर श्वास रोखून करायचं. साहेबानं तो उजेडाकडे धरला, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "भाटकर, ब्यूटिफुल."

झालं. त्या दिवसापासून मी त्या बंदुकीला मनातल्या मनात 'आमची बंदूक' म्हणायला लागलो.

घरी येऊन सुलभाला सगळं समजावून सांगितलं. "साहेब घरी बसून एकेका काडतुसात मोजून दारू भरतो," मी म्हटलं.

"सगळेच साहेब भरतात," ती कणीक मळता मळता म्हणाली. "हा निदान मोजून भरतो."

साच्यातून काढलेल्या पुंगळ्या तेलकट, काळपट व्हायच्या. साहेब म्हणाला, या स्वच्छ करायला हव्यात. मी पुढे झालो. म्हटलं, साहेब, आमच्या रत्नागिरीकडे पितळ घासण्यात बायकांचा हात कोणी धरू शकणार नाही, माझ्यावर सोडा. कोणी सांगितलं होतं पुढे व्हायला? पण एकदा 'ब्यूटिफुल' ऐकलं की माणसाला दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटतं.

त्या पुंगळ्या मी जेवणाच्या डब्यात घालून कंपनीच्या बसनं घरी आणल्या. तेव्हाच माझी पहिली पाचावर धारण बसली. रिकाम्या असल्या तरी काडतुसंच ती. रस्त्यात पोलिसानं डबा उघडायला लावला तर काय सांगणार, दारू साहेबाकडे आहे, माझ्याकडे फक्त भांडी? बस प्रत्येक खड्ड्यात उडायची आणि डबा देवळातल्या घंटेसारखा वाजायचा. शेजारचा मल्याळी वेल्डर म्हणाला, "भाटकर, डब्बे में क्या बजता है?"

"चम्मच," मी म्हटलं.

"इतने?"

"फॅमिली बडी है."

आम्ही घरात दोघंच आहोत हे त्याला चांगलं माहीत होतं. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायचा.

सुलभानं मात्र कमाल केली. पुंगळ्या अशा निघाल्या की देवासमोर मांडाव्यात. साहेबानं एक हातात घेतली, तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय लावलं?" मी आपलं ठेवणीतलं हसून म्हटलं, "फॅमिली सीक्रेट, सर." खरं तर मलाही माहीत नव्हतं. मी सुलभाला विचारलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा.

मध्ये काही आठवडे गेले. साहेबाच्या मोठ्या स्पर्धेचा शुक्रवार उजाडला. आमच्याकडे त्या सकाळी केळकर पोहे खायला आला होता. केळकर म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटच्या लॅबमधला धातूंचा माणूस. कुटुंब पुण्याला, त्यामुळे शुक्रवारी सकाळी तो आमच्याकडे हक्कानं यायचा. हुशार माणूस, पण वाईट बातमीही पेढा द्यावा तशी देणार.

सुलभा आत समई घासत होती. केळकरनं नाक वर केलं. "वहिनी, हा वास कसला?"

"शेजारच्या मॅडमनी बाटली दिलीय," ती आतून म्हणाली. "काचा पुसायचं आहे. पण पितळपण छान निघतं हो."

केळकर बशी घेऊन उठला, बाटली हुंगून आला. "अमोनिया आहे यात. पितळेला नका लावू. समईचं एक वेळ चालेल. पण जिथे पितळ दाबलेलं, आवळलेलं असतं ना, तिथे हा आत शिरतो. वरून चकचकीत, आतून तडा. आमच्या प्लांटच्या नळ्या अशाच गेल्या. कळलं तेव्हा फुटल्याच होत्या."

दाबलेलं पितळ. मी माझी बशी खाली ठेवली.

"केळकर," मी म्हटलं, "समजा, काडतुसाची पुंगळी असली तर?"

त्याचे डोळे चमकले. "अरे वा. ते तर पुस्तकातलं उदाहरण आहे."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी उठलो, केळकरच्या हातातली बशी काढून घेतली आणि त्याला जिन्याकडे ओढलं. मागून सुलभा "अहो, ऐका तरी" असं काहीतरी म्हणत होती. ऐकायला वेळ कुणाला होता? साहेब त्या क्षणी बंदुकीला गाल लावून पडला असेल, आणि त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर माझ्या घरात घासलेलं, आतून तडकलेलं पितळ.

केळकरच्या गाडीत बसलो. गाडी जुनी, आणि केळकर ती परीक्षकासमोर चालवावी तशी चालवायचा. शुक्रवारचा मोकळा रस्ता, तरी प्रत्येक गोल चौकात थांबून दोन्हीकडे बघणार.

"यल्ला, केळकर, यल्ला, चल लवकर," मी म्हणत होतो.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "प्रत्येक पुंगळी फुटेलच असं नाही."

"नाही ना?"

"नाही. पहिल्या दोन-तीन टिकतीलही. तडा वाढायला वेळ लागतो. पुंगळी फाटली की गरम गॅस मागे येतो."

"मागे म्हणजे कुठे?"

"म्हणजे माणूस असतो तिकडे."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मला सगळं दिसत होतं. साहेबाचा चेहरा बँडेजमध्ये. पोलीस विचारतायत, पितळ कुणी घासलं? मी सांगतोय, मी. कारण सुलभाचं नाव कसं घेणार? मग ती एकटी हूऱ्यात, माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि रत्नागिरीला आई गावभर सांगतेय की मुलगा परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. रामरक्षा म्हणायला घेतली तर दुसऱ्या ओळीच्या पुढे येईना.

"चेहरा वाचतो का रे?" मी विचारलं.

केळकरनं प्रामाणिकपणे विचार केला. "चष्मा असेल तर डोळे वाचतात," तो म्हणाला.

क्लबच्या फाटकावर एक म्हातारा बहारीनी रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. लांबून 'ठो' असा आवाज आला. मी गाडीतून उडी मारून त्याच्यासमोर उभा राहिलो. मला अरबी येत नाही, त्याला थोडी हिंदी यायची.

"हॅरिस साहब खलास," मी धापा टाकत म्हटलं. मला म्हणायचं होतं, खलास होईल.

"खलास मफी," म्हातारा शांतपणे म्हणाला. म्हणजे, अजून संपलं नाही. "चार हो गया. एक गोली बाकी."

"नहीं, नहीं. वो गोली में साहब खलास."

"हां, हां. एक गोली, फिर खलास. बैठो. चाय पियो."

चार झाल्या होत्या. केळकर म्हणाला होता, पहिल्या टिकतील. म्हणजे जी काय फुटायची ती पाचवी. मी म्हाताऱ्याला चुकवून आत धावलो. वाळूत पाय रुतत होते, आणि एका पायातली चप्पल सारखी निसटत होती.

समोर सगळी माणसं पुतळ्यासारखी उभी. कुणी खोकतही नव्हतं. मधल्या टेबलाशी हॅरिस साहेब बंदुकीवर वाकलेला, गाल दस्त्याला टेकलेला, पाठ अगदी स्थिर. बोट चापावर.

आयुष्यभर यार्डात इंग्रजी बोललो, पण त्या क्षणी एक शब्द आठवला असेल तर शपथ. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "साहेब, मारू नका हो!"

ठो.

मी डोळे मिटून खाली बसलो. उघडायची हिंमत होईना. मग माझ्यासमोर कुणाचे तरी बूट येऊन थांबले. मी हळूहळू वर बघितलं. बूट, पॅंट, शर्ट, आणि वर हॅरिस साहेबाचा चेहरा. नाक होतं. डोळे दोन्ही होते. नेहमीपेक्षा मोठे होते, पण होते.

"भाटकर," तो म्हणाला, "का?"

मी रडवेल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. अमोनिया, तडा, गॅस. मागून धावत आलेल्या केळकरनं शास्त्रीय पुस्ती जोडली. साहेबानं सगळं ऐकून घेतलं.

"त्या पुंगळ्या?" तो म्हणाला. "त्या मी भरल्याच नाहीत. इतक्या सुंदर निघाल्या की माझ्या बायकोनं त्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात लावून ठेवल्यात. आज दुसऱ्या आहेत. मी स्वतः घासलेल्या."

तेवढ्यात कुणीतरी लक्ष्याचा कागद घेऊन आला. मधोमध एकच भोक, कडेला जरा खडबडीत. ते एक भोक म्हणजे चार गोळ्या होत्या. असं म्हणे तिथे कुणी आधी पाहिलं नव्हतं. आणि पाचवी? पाचवी कागदाच्या पार कोपऱ्यात, जवळपास बाहेरच.

साहेबाचा पहिला नंबर गेला. तो मला एक शब्द बोलला नाही. इंग्रज माणूस बोलला नाही की जास्त भीती वाटते. घरी येईपर्यंत मी नोकरी गेल्याचं धरूनच चाललो होतो.

दारात सुलभा उभी होती. "काडतुसांना मी चिंच लावली होती," ती म्हणाली. "चिंच आणि मीठ. ती बाटली कालच आलीय घरात. मागून ओरडून सांगत होते, तर तुम्ही धावत सुटलात." मग तिनं खाली बघितलं. "आणि ती डाव्या पायातली चप्पल माझी आहे."

केळकर म्हणाला, "चिंच चालते." आणि आत जाऊन उरलेले पोहे खायला बसला.

नोकरी गेली नाही. शनिवारी सकाळी मी टूलरूममध्ये पोचलो तर साहेब आधीच येऊन गेला होता. माझ्या लेथच्या वरच, भिंतीवर, तो कागद काचेच्या चौकटीत लावलेला. मधल्या भोकाखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, हॅरिस. आणि कोपऱ्यातल्या भोकाखाली, भाटकर.

मी बहारीन सोडेपर्यंत तो कागद तिथेच होता. यार्डात कुणी नवीन माणूस आला की आधी तो मधल्या भोकाकडे बघून मान डोलवायचा, मग कोपऱ्यातलं नाव वाचायचा आणि विचारायचा, "हा भाटकर कोण?"

"सुट्टीवर गेलाय," मी सांगायचो.