ढोलीतला शेवटचा व्हॉल्व्ह

आमच्या घरातला रेडिओ मी मारला. वाचवता वाचवता मारला, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

सौंदडला बाबांच्या खाटेशी व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आहे. सकाळी खटका दाबला की आधी काहीच होत नाही. मग आतल्या व्हॉल्व्हांत, म्हणजे काचेच्या नळ्यांत, नारिंगी धुगधुगी उठते आणि धानाच्या बांध्यांपलीकडून कुणी गात यावं तसा आवाज हळूहळू जवळ येतो. तो निजानीजेपर्यंत चालूच. दुपारी त्या गुणगुणीत बाबा झोपतात, मांजर झोपते, भिंतीसुद्धा पेंगतात.

मी गोंदियात नोकरीला. सुटीत घरी येतो, जेवतो आणि गप्प बसतो. (बोलणं मला कधी जमलंच नाही.) यंदा दिवाळीत मोबाइलवर वाचलं, व्हॉल्व्हचं आयुष्य काही हजार तासांचं! आणि बाबा ते घोरण्यात उधळत होते! मी हळूच खटका बंद केला.

बाबांचे डोळे टक्क उघडले. "काऊन बंद केला रे?"

"तुम्ही झोपला होता."

"झोपलो नोतो. आयकून रायलो होतो."

"घोरत?"

"घोरत घोरत आयकता येते!"

रेडिओ चालू. घोरणं चालू. मी पुन्हा बंद. पुन्हा "काऊन?" रोज दुपारी हेच. शेवटी बायको दारात आली. "मामाजीले झोपू द्या न जी! तुमाले दुसरं काम नाई का?"

एका दुपारी बाबांनी खटका दाबला, आत पांढरं लखलखलं आणि मग काळोख. नारिंगी उगवलंच नाही. मी घाईनं मोबाइल काढून पुढची ओळ वाचली: थंड नळीला वारंवार चालू करण्याचा धक्का सोसत नाही. (अर्ध्या वाचनावर नोकरी मिळते, रेडिओ चालत नाही.)

"भेव नोको," बाबा म्हणाले, "अजून एक हाये. शेवटचा. ढोलीत, धानात पुरून ठेवला. ना धक्का, ना ओल."

त्या ढोलीतलं, म्हणजे आमच्या कणगीतलं, धान मी सकाळीच, कुणाला न विचारता, राईस मिलवर भरडायला पाठवलं होतं!

मोटारसायकलवरून मिल गाठली. मिलवाला पट्टा सुरू करतच होता.

"थांबा!"

"काय हरवलं, भाऊ? सोनं?"

"रेडिओची नळी."

सगळी मिल हसली. मी पोती रिकामी करत गेलो. अंगभर कुसळं, नाकात भुसा, डोक्यावर धान. शेवटी हाताला धोतराचा तुकडा लागला. आत नळी, अंड्यासारखी शाबूत!

तिन्हीसांजेला ती बसवली. आम्ही सगळे काळोखात रेडिओभोवती. किती तरी वेळानं नारिंगी उगवलं, आणि बांध्यांपलीकडून गाणं चालत आलं. बाबांनी डोळे मिटले.

मला राहवेना. "बाबा, आधीचा व्हॉल्व्ह माझ्यामुळेच गेला. ढोलीही मीच उपसली."

"मालूम हाये."

"मग रोज भांडत बसलात, एकदा दटावलं काऊन नाही?"

"दटावलं असतं तं तू गप्प झाला असतास," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "रेडिओ बंद केला का चार शब्द तं बोलत होतास!"

आता बाबांनी खटक्यावर चिकटपट्टी लावली आहे. रेडिओ दिवसभर चालू असतो, सुटीत शेजारी मीही बसतो आणि बोलतो. फक्त गरम व्हायला मला व्हॉल्व्हपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. तोवर बाबा झोपलेले असतात!