खालचा माणूस बोलेना

ऐकायचंच म्हणता? बरं. कॉफी घ्या, पण हसायचं शेवटी. मध्येच हसलात तर मी थांबेन, आधीच सांगतो! कारण ह्या किश्श्यात ज्याची फजिती झाली तो गृहस्थ तुमच्यासमोरच बसलाय, आणि त्याला कुंभकोणमातल्या स्वतःच्याच गल्लीत अजून मान वर करून चालता येत नाही.

तर, मी विमान चालवतो.

गेल्या ना भुवया वर? घरी चालवतो हो, कंप्युटरवर! तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांच्या सोसायटीतल्या नोकरीतून मी निवृत्त झालो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुगुणाने, दोनच दिवसांत ओळखलं की हा माणूस घरात मोकळा राहिला तर स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घालत बसेल. मुलाला फोन गेला. मुलाने सिम्युलेटर बसवून दिला. समोर पडद्यावर विमानाची काच, हातात दांडा, पायाशी पेडल. तीन वर्षांत मी कुठे गेलो नाही ते विचारा! लंडनला धुक्यात उतरलो. नेपाळात डोंगरांच्या फटीतून शिरलो. एकदा तर सुगुणाने रसम उकळायला ठेवलं तेवढ्यात कोलंबोला उतरून ताटावर हजर झालो.

यंदा मुलाने त्यात आणखी एक गंमत घालून दिली. विमानतळावर खाली जी माणसं असतात ना, चाकांपुढचे ठोकळे काढणारी, दारं लावणारी, ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणारी, ती माझ्याशी बोलू लागली! डोक्याला हेडफोन, तोंडापाशी स्पंजाची टोपी घातलेला माइक. कळ दाबायची आणि म्हणायचं, "ग्राउंड, कॉकपिट!" की खालून, म्हणजे स्पीकरमधून, भारदस्त आवाज यायचा, "गो अहेड, कॅप्टन!"

कॅप्टन! अहो, सोसायटीत उभी हयात गेली, तिथे मला वॉचमनसुद्धा "ओ राव" म्हणून हाक मारायचा. पहिल्या दिवशी मी त्या खालच्या माणसाला उगाचच पाच वेळा बोलावलं.

आता ह्यात अक्का कशी आली ते सांगतो. गोदाक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राहते दारासुरमला, टाउन बसने दहा मिनिटांवर. तिची एकुलती एक लेक वासंती सिंगापूरला. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. अक्काचा पासपोर्ट तयार, व्हिसा तयार, तिरुचीहून तिकीट काढलेलं. आणि ऐन वेळी अक्का म्हणाली, विमानात बसणार नाही!

"वर कोण चालवतो तें राहूं दे रे माधू. खालीं कोण पाहतो?" अक्का म्हणाली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आमच्या घरची मराठी ही अशी, तुम्हाला पोथीतली वाटेल. "बस निघतें तेव्हां कंडक्टर मागें जाऊन पाहतो, दार ओढून पाहतो, मग शिट्टी मारतो. त्या येवढ्या विमानास शिट्टी कोण मारतो? सांग!"

बरं, रेल्वे सिंगापूरला जात नाही. वासंती रोज फोनवर रडायची, "मामा, कसंही करून आईला पाठव. मला इथे तिच्याशिवाय कोण आहे?" त्या पोरीला मी खांद्यावर घेऊन देवळातली हत्तीण दाखवायला नेलेलं.

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अक्काला शिट्टी मारणारा माणूस पाहिजे ना? तो तर माझ्या पगारावर होता!

"अक्का," मी छाती काढून म्हणालो, "तूं ये आमच्याकडे. खालचा माणूस माझ्याशी कसा बोलतो तें तुज ऐकवतो. एक शब्द वर गेला की एक खालून येतो. त्यानें सांगितल्याविना विमान तसूभर हालत नाही!"

दिवस ठरवला विजयादशमीचा. आदल्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा. घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूला चंदन-कुंकू लागतं आणि दिवसभर तिला कुणी हात लावत नाही. विळी, मिक्सर, स्कूटर, माझं विमान, सगळ्यांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी हात घातलेलं काम वर्षभर बिनबोभाट चालतं म्हणतात. ह्याहून चांगला मुहूर्त कुठला?

अक्का आली ती खऱ्या प्रवासाला निघाल्यासारखी. रेशमी लुगडं, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पट्टा कोठे?"

पट्टा! मी माझं अंगवस्त्र तिच्या पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीमागे गाठ मारली. सुगुणा तोंडाला पदर लावून आत पळाली.

पडद्यावर तिरुचीचा विमानतळ. ऊन पडलेलं. मी हेडफोन चढवला, खाकरलो, कळ दाबली.

"ग्राउंड, कॉकपिट!"

काही नाही.

"ग्राउंड, कॉकपिट!!"

ढिम्म. अक्का माझ्याकडे, मी पडद्याकडे. आणि इथे मी पहिला मूर्खपणा केला. हसून म्हणालो, "जेवायास गेला असेल."

"जेवायास?" अक्का ताठ झाली. "विमान निघायच्या वेळेस?"

"नाही नाही, तसं नाही. तार सैल झाली असेल."

"विमानांत तार सैल असतें?"

बघा हं. माणूस घाबरलेला असेल ना, तर त्याच्यासमोर कंप्युटर दुरुस्त करू नये. कधीही करू नये! मी तार काढली, दुसऱ्या भोकात घातली. काही नाही. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं.

"हें काय केलंस?"

"बंद करून चालू केलं. असं केलं की बहुधा ठीक होतं."

"आकाशांतही असंच करतात?"

मी घाम पुसला. मग सेटिंगमध्ये शिरलो. तिथे एक सोय असते, कंप्युटरला आपला आवाज शिकवायची. पडद्यावर वाक्यं येतात, ती आपण स्पष्ट वाचायची. मी शाळेतल्या पोरासारखा वाचायला लागलो.

"आतां काय वाचतोस? स्तोत्र?"

"नाही अक्का, त्यास माझ्या आवाजाची ओळख करून देतो आहे."

"म्हणजे तो तुज ओळखत नाही? आणि रोज कॅप्टन म्हणून हाक मारतो म्हणालास तो कोण?"

झालं! जितकं समजवायला जावं तितका मी खोलात. माइकची पट्टी शेवटपर्यंत वर नेली. स्पीकरची पट्टीही नेली, न जाणो तो हळू बोलत असला तर. प्रोग्राम काढून टाकून पुन्हा घातला. इंग्रजी अमेरिकेचं ठेवलं, मग इंग्लंडचं, मग ऑस्ट्रेलियाचं. मी स्वतःही त्या त्या देशाचा होऊन बोलून पाहिलं. शेवटी लाज सोडली आणि खिडक्या हादरतील असा ओरडलो.

"ग्राउंड! कॉकपिट! रिमूव्ह चॉक्स! अहो, ते ठोकळे काढा हो, ठोकळे!"

दार वाजलं. शेजारचे पट्टाभिरामन मामा. रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठेही गडबड झाली की ती आपल्या स्टेशनात झाली असं त्यांना वाटतं. ते तमिळमध्ये म्हणाले, "माधवराव, कुणाशी भांडताय? पत्ता द्या, मी बोलतो त्याच्याशी."

मी सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हेडफोन मागितला. "खालच्या माणसाशी असं बोलायचं नसतं. हुकूम द्यायचा असतो." आणि दिला की हुकूम! गल्लीतली रिक्षा थांबली. खालचा माणूस थांबलेलाच होता.

मग सुगुणा आली. भाजीवालीशी बोलते त्या गोड आवाजात म्हणाली, "ग्राउंड अण्णा, जरा बघता का?" तिचाही काही उपयोग झाला नाही. तोवर खिडकीशी रिक्षावाला आणि समोरच्या घरातली दोघं जमा झाली होती. त्यातल्या एकाने विचारलं, आत कुणाला भूत लागलंय का?

अक्का हे सगळं अंगवस्त्राच्या पट्ट्यात बसून बघत होती. तिघांनी हाका मारल्या, एकालाही उत्तर नाही. तिने हळूच पिशवीतून फोन काढला.

"वासू," ती म्हणाली, "मज नाही जमायचं गे, बाळ. येथें तिघें ओरडताहेत आणि खालीं कोणी नाहीच."

पलीकडून वासंतीचा हुंदका ऐकू आला. फोन चालूच राहिला. अहो, अक्का येताना निदान थोडी डळमळीत होती. तिला पक्कं घाबरवलं ते मी! स्वतःची ऐट मिरवायला गेलो आणि त्या पोरीची आई तिच्यापासून तोडून बसलो. तिथल्या तिथे जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

अक्काने फोन मांडीवर ठेवला. डोळे भरलेले. आणि एकाएकी तिचा राग उसळला, माझ्यावर नव्हे, त्या खालच्या माणसावर!

"दे इकडे तें! पोटुशी पोर वाट पाहतें तिकडे, आणि हा कामचोर उत्तर देत नाही? मीच विचारतें त्यास!"

तिने हेडफोन हिसकावून डोक्यावर ओढला. माइकवरची ती स्पंजाची टोपी गजऱ्यात अडकली आणि निघून हातात आली. अक्काने माइक डोळ्यांजवळ धरला.

"माधू, हें चंदन कशास?"

मी वाकून पाहिलं. माइकच्या बारीक भोकावर, अगदी नेम धरून, चंदनाचा वाटाण्याएवढा टिळा. वर कुंकू. वाळून दगड झालेला!

"कुणी केलं हे?" मी गरजलो. "कुणी हात लावला माझ्या माइकला?"

सुगुणाने कमरेवर हात ठेवले. "कुणी म्हणजे? काल पूजेला बसलात तेव्हां मी म्हटलं, दांड्यास लावलंत, पुरे. तुम्ही म्हणालात, नाही, हें विमानाचं तोंड, इथें नीट लागलं पाहिजे. टोपी काढलीत, टिळा लावलात, टोपी परत घातलीत. मला हाक मारून दाखवलंत सुद्धा, बघ कसा बरोबर मधोमध आलाय!"

खिडकीतले तिघं हसले. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागले.

अक्काने अंबाड्यातली पिन काढली, भोक टोकरून मोकळं केलं आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. मी कळ दाबली. कुजबुजलो, "ग्राउंड, कॉकपिट."

"गो अहेड, कॅप्टन!!!"

स्पीकरची पट्टी शेवटपर्यंत गेलेली, विसरलात? भांडी वाजली. रिक्षावाला उडी मारून मागे झाला. पट्टाभिरामन मामांनी सावधान होऊन सलाम ठोकला, आणि खरं सांगतो, अजूनही मी दिसलो की ठोकतात.

आणि अक्का? अक्का हसली! डोळ्यांत पाणी तसंच, आणि खदखदून हसली. मग तिने सगळं करून घेतलं माझ्याकडून. दारं लावली का विचार. लावली. चाकाखालचे ठोकळे काढले का विचार. काढले. ट्रॅक्टर लागला, विमान हळूहळू मागे निघालं, आणि तो खालचा माणूस प्रत्येक गोष्टीची वर्दी देत राहिला.

"अगो बाई, तो बिचारा उभाच होता की!" अक्का म्हणाली. "आपणच त्याच्या कानांत बोळा घालून बसलों आणि त्यासच कामचोर म्हटलों." मग फोन उचलला. तो चालूच होता, वासंतीने पलीकडे सगळं ऐकलं होतं. "वासू, मी येतें गे. चोखट माणूस आहे खालीं."

वासंती रडत होती की हसत होती, कळलं नाही. मी मात्र रडत होतो, कबूल करतो.

इथे थांबलो असतो तर किती छान झालं असतं! पण अक्काने पट्ट्याची गाठ सोडत सहज म्हटलं, "मात्र तूं संगतीं यायचास, माधू. तुज सगळं कळतें."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लंडन, नेपाळ, कोलंबो, सगळं त्या खुर्चीतून. खऱ्या विमानात मी जन्मात बसलो नव्हतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यापाशीसुद्धा मी खालीच उभा राहून सगळ्यांच्या चपला सांभाळतो. पण सुगुणा, मामा, रिक्षावाला, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "येतो की! त्यात काय?"

मुलाने धावपळ करून माझा पासपोर्ट, व्हिसा मिळवला, आणि गेलो. तिरुचीला विमानात अक्का खिडकीशी बसली, पट्टा आपला आपण लावला, खाली वाकून पाहिलं आणि खूश झाली. "उभा आहे रे, पिवळं जाकीट घालून!" मला ते पाहता आलं नाही. मी डोळे घट्ट मिटले होते. एका हातात अक्काचा पदर होता आणि दुसऱ्या हाताने ती समोरच्या खिशातली कागदी पिशवी तोंडाशी धरली होती.

हवाई सुंदरी पट्टे तपासत आली आणि माझ्याकडे बघून काळजीने अक्काला तमिळमध्ये विचारू लागली, "ह्यांना बरं नाही का, आजी? पहिल्यांदाच बसताहेत का विमानात?"

"छे, छे! पहिल्यांदा कसलं?" अक्का अभिमानाने, चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझा धाकटा भाऊ हा. कॅप्टन आहे! तीन वर्षं रोज विमान चालवतो!"

चारही रांगा वळल्या. मी नमस्कार करायला पिशवीतून तोंड वर काढलं, आणि घाईघाईने परत आत घातलं. विमान अजून जागचं हललंही नव्हतं.