नईममधल्या खिळ्यावरची चावी

आमच्या ह्यांचा साहेब थायलंडमधल्या एका खेड्यात घर बांधत होता, आणि त्या घराने आम्हा नवराबायकोला पुरती दोन वर्षं हसवलं. साहेब मूळचा वेल्सचा, उन्हात उभा राहिला की कोकमासारखा लाल होणारा. बहारीनच्या हमद टाउनमध्ये घरांच्या रांगाच्या रांगा उठत होत्या, त्या कामावर तो मोठा इंजिनिअर आणि हे त्याच्या हाताखाली फोरमन. त्याची बायको थाई, भातशेती करणाऱ्या घरातली. त्यांच्याकडे परक्याच्या नावावर जमीन होत नाही. म्हणून जागा सासूची, घर बायकोच्या नावावर, आणि पहिल्या खांबापासून शेवटच्या कौलापर्यंत खर्च साहेबाचा.

"गोरो घरजावय!" हे जेवताना म्हणायचे. "उद्या बायलेन भायर काढल्यान तर जातलो खय?"

मीही खो खो हसायचे. परक्या मुलखात, परक्या भाषेत, म्हशींच्या शेजारी घर बांधायचं म्हणजे बुद्धी गहाणच. आपण कसे, बहारीनमध्ये राबायचं पण घर बांधायचं ते आपल्या मातीत, आपल्या माणसांत.

आणि आम्ही बांधलं होतंच. मालवणकडच्या आमच्या गावात, जुनं मातीचं घर पाडून त्याच जागेवर. चिऱ्याचं काम, वर स्लॅब, खिडक्यांना ग्रिल, पुढे मोझेकचा सोपा, बाहेरून गुलाबी रंग. गुलाबी मी निवडला होता. जुनं घर पाडलं तेव्हा सासूबाई आपलं सामान घेऊन मागच्या मांगरात गेल्या. मांगर म्हणजे गवत, लाकडं ठेवायची, माडाच्या झापांनी शाकारलेली खोली. काम पुरं होईपर्यंत चार महिने कसेतरी काढायचे, असं ठरलं होतं.

काम पुरं झालं. पण आमच्याकडे वास्तुशांतीशिवाय घरात राहायला जात नाहीत, आणि वास्तुशांतीला पाटावर बसायचं आम्ही दोघांनी. ह्यांना रजा मिळेना. हमद टाउनची घरं लोकांच्या ताब्यात द्यायची घाई होती. रजेचं विचारलं की साहेब म्हणायचा, "पुढच्या महिन्यात, इंशाल्ला." माझी सलमानियाच्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी, माझ्या रजेचं तंत्र वेगळंच. ह्यांची जुळली की माझी नाही.

बरं, नुसता शास्त्राचा प्रश्न होता असंही नाही. आम्हाला ते घर गावासमोर थाटात उघडायचं होतं. मांडव, जेवणावळ, सोप्यावर नॅशनलचा टेप वाजतोय, वर पंखे फिरतायत, आणि मी जपानी नायलॉनच्या साडीत सगळ्यांचं स्वागत करतेय. चुलत्यांच्या पोरांनी त्याआधीच आत घुसून भिंती काळ्या करू नयेत, म्हणून ह्यांनी गावच्या एका माणसाबरोबर चावी बहारीनला मागवून घेतली. नईम मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, देवाच्या फळीशेजारी, एका खिळ्यावर ती लटकत असे. रोज उदबत्ती लावताना मी तिलाही ओवाळायचे. सासूबाई मांगरात होत्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि ती न करण्याचा आम्ही भलताच सोयीचा अर्थ लावला. मध्ये दोन पावसाळे गेले.

असाच एक शुक्रवार. साहेब नुकताच रजेवरून आला होता आणि त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर फोटो निघाले. थायलंडचं घर उंच खांबांवर, खाली कोंबड्या आणि टांगलेली झोळी. एका बाजूला अजून भिंतच नव्हती. आणि त्या अर्ध्या घराच्या जमिनीवर साहेबाची सासू चटई टाकून गाढ झोपली होती, तिच्या भोवती पाचसहा पोरं.

"छप्पर चढलं आणि ह्या राहायला आल्या," साहेब सांगू लागला. "मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी गेलो तर झोपायला जागा नाही. माणसं ओलांडून बाथरूमला जावं लागायचं. आणि बाथरूमला दार नाही!"

तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. मी विचारलं, "पण पूजा वगैरे नाही का करत तुमच्याकडे? नव्या घराची?"

"करतात ना," त्याची बायको म्हणाली. "भिक्खू आले, घराभोवती पांढरा दोरा बांधला, मंत्र म्हणाले."

"साहेब नसताना?"

"पाऊस आला होता," ती म्हणाली. याहून जास्त काही सांगायचं असतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग तिने आमच्या घराचा फोटो मागितला. तो माझ्या पर्समध्ये असायचाच, चारचौघांत काढायला बरा. मी ऐटीत पुढे केला. गावच्या फोटोग्राफरने सगळं झकास धरलं होतं: गुलाबी भिंती, ग्रिल, दारावरचं भलंमोठं कुलूप. पायरीशी मी पाठवलेल्या साडीत सासूबाई ताठ उभ्या, पाय अनवाणी. आणि कोपऱ्यात मांगर. त्याच्या झापांतून धूर निघत होता.

"हे काय? वॉचमनची खोली?" साहेबाने सहज विचारलं. कामाच्या जागेवर अशा खोल्या असतातच.

"यस सर," हे म्हणाले. "वॉचमन."

मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याची बायको मात्र फोटो अजून न्याहाळत होती. मांगराच्या दोरीवर दोन लुगडी वाळत होती. तिने त्यांच्यावर बोट ठेवलं.

"तुमचा वॉचमन बाई आहे?"

तिचं बोट धुरावरून कुलपावर गेलं, तिथून सासूबाईंच्या पायांवर आलं आणि थांबलं. तिला कळलं. साहेबाला नाही कळलं, तो कॉफीचं बघायला उठला होता. तिने फोटो माझ्या हातात परत दिला आणि माझ्या ताटलीत फळाची आणखी एक फोड वाढली, आजारी माणसाला वाढावी तशी. मला त्या बाईसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरजावई म्हणून ज्याला हसलो, त्याची सासू त्याच्या घरात पसरून झोपली होती, आणि आमची आई धुरात.

परतताना पिकअपमध्ये मी तोंड उघडलं ते नईम येईपर्यंत मिटलं नाही.

"तुमी आवशीक वॉचमन केलास?"

"मगे काय सांगू? आवस मांगरात रवता म्हणान सांगू?"

"रवता ना पण!"

"चावी तू पण बघी होतंस रोज," हे म्हणाले. ते खरंच होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला. घरी गेल्याबरोबर मी चावी खिळ्यावरून काढून ह्यांच्या पुढ्यात आपटली.

गावचा एक ड्रायव्हर त्या आठवड्यात रजेवर निघाला होता. त्याच्याबरोबर चावी दिली आणि एक कॅसेटही. तेव्हा आमच्याकडे पत्रापेक्षा कॅसेटच जास्त जायच्या, सासूबाईंना वाचता येत नव्हतं. हे टेपसमोर बसले. आधी भात कसा पिकला ते विचारलं, मग पुसून टाकलं. मग रजेची अडचण सांगितली, तीही पुसली. शेवटी इतकंच राहिलं: "आये, चावी धाडलंय. कुलूप काढ आनी आत रव."

महिनाभराने उलट कॅसेट आली. सासूबाई टेपच्या अगदी तोंडाशी बोलल्या होत्या, मागे कोंबडा आरवत होता. "चावी गावली. घर झाडलंय. रोज दिवो लावतंय. माझी काळजी करू नकात." आम्ही ती पुन्हा पुन्हा लावली. छातीवरचा धोंडा उतरला. पुढे साहेबाची बायको भेटली तेव्हा मी विषय नसताना सांगितलं, सासूबाई आता नव्या घरात राहतात. तिने माझे दोन्ही हात धरले. इतकी खूश झाली की मलाच आपण चांगल्या असल्यासारखं वाटलं.

पावसाळा सरता सरता एकदाची दोघांना रजा मिळाली. गावी पोचलो तेव्हा दुपार होती. घर लखलखत होतं, सोपा पुसलेला, दारात रांगोळी. आणि दाराला कुलूप. आम्ही बॅगा घेऊन पायरीशी उभे, तेवढ्यात सासूबाई मागून, मांगरातून, हात पुसत आल्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. त्यांच्या केसांना धुराचा वास येत होता.

"आये," हे म्हणाले, "तू अजून मांगरातच रवतंस?"

"मगे? वास्तुशांत जाली नाय. तुमच्या आदी मी कशी रवतलंय?" त्या हसल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी चावी सोडवली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "घेवा. घर राखलंय हां तुमचा, झिला. एक काच फुटाक दिलंय नाय."

ह्यांचा हात वर होईना. मी मान खाली घालून त्या पुसलेल्या पायरीकडे बघत राहिले. सासूबाईंना वाटलं, पोरं प्रवासाने दमलीत. त्यांनी चावी पायरीवर ठेवली, "बसा, चाय करतंय," म्हणाल्या आणि मांगराकडे वळल्या. त्यांची चूल तिथेच होती.