अण्णांनी पारखलेली सुरी

हवालदार अण्णा कुणाच्याही घरी आले की चहाच्या आधी सुरी मागत. "अक्का, भाजी चिरायची सुरी दावा जरा," असं म्हणत पाहुणा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो, याची आमच्या मुडबी गावात सगळ्यांना सवय झाली होती. सुरी हातात आली की ते ती उलटी धरून उंबऱ्यावर आपटत आणि अंगठ्याने मूठ डावीउजवीकडे ढकलून बघत. मूठ जरा जरी हलली तरी सुरी त्यांच्या पिशवीत जाई आणि काही दिवसांनी मुठीला रिबिटाचे नवे खिळे ठोकून परत येई. तोवर त्या घराने विळीवर भागवायचं. अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले की काही बायका सुरी पिठाच्या डब्यात लपवत.

फौजेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांना एका जागी थांबणं जमत नसे. सकाळी शेत, दुपारी स्टँड, तिथून पुन्हा शेत. मूलबाळ नव्हतं. घरी ते आणि गंगाक्का. दोघं आपसात कानडी बोलत, आमच्याशी मराठी. "ह्यांच्यासोबत संसार म्हंजे निघायच्या गाडीत बसल्यावानी हाय," गंगाक्का म्हणायची. "कवा सुटल न्हाई सांगता येत."

मी फौजेच्या पोलीस शाखेत भरती झाले तेव्हा गावाने हारतुरे केले, आणि माझे वडील मात्र त्या दिवसापासून कमी बोलू लागले. ट्रेनिंग संपवून पहिल्या पोस्टिंगच्या आधी मी सुट्टीवर आले. पोस्टिंग पहाडात होती, काम गाड्यांच्या ताफ्याबरोबर जायचं. घरात माझ्या बॅगेभोवती सगळे नुसते घुटमळत होते. कुणी स्वेटर ठेवी, कुणी लोणच्याची बरणी काढून पुन्हा ठेवी. अण्णा आले, त्यांनी बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "सुरी कोणती न्यायलीस?"

"सरकार देईल की, अण्णा."

"सरकार रायफल देतंय. सुरी आपली आपण बघायची. युनिटची परवानगी काढायची, दिली तर कंबरंला. न्हाई दिली तर ट्रंकेत. पर गंज धरू द्यायचा न्हाई."

मी मोबाईलवर एक आधीच बघून ठेवली होती. पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीत काड्या आणि दोरा, टोपणावर होकायंत्र. मी मोठ्या हौसेने फोन त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी तो घेतला आणि पालथा करून चटईवर ठेवला.

"ही नको."

"कामून?"

ते अर्धा चहा टाकून निघून गेले. वडील म्हणाले, "जाऊ दे, त्यांचं डोकं फिरलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. "चल, कल्याणला."

कल्याण म्हणजे आमचं बसवकल्याण. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानांत आम्हाला काही मिळालं नाही, पण मला शिकायला मिळालं. "आधी मूठ बघ," अण्णा म्हणत. "पातं मुठीत कुठवर गेलंय? शेवटापत्तर गेलेलं पायजे, एकसंध. निम्म्यात संपलं तर ती सुरी न्हाई, खेळणं हाय. मिटायची बी नको. थंडीत बोटं आकडली की ती उघडत न्हाई." पोलाद लई कडक नको, टवका उडतो. लई मऊ नको, धार जाते. पाठीवर दात नकोत, ते पट्ट्यात अडकतात. एवढं सगळं ते एका दुकानातून दुसऱ्या दुकानात चालता चालता सांगत आणि मी मागून जवळजवळ पळत असे.

कल्याणहून आम्ही बीदर गाठलं. जुन्या शहरात एका दुकानात खूप सुऱ्या होत्या, शिकारीच्या, कसायाच्या, कॅम्पिंगच्या. अण्णांनी एकेक घेऊन दुकानाच्या दगडी पायरीवर आपटायला सुरुवात केली. दुकानदार अण्णांच्या ओळखीचा, म्हातारा, दाढीवाला, शांत माणूस होता. थोडा वेळ त्याने बघून घेतलं, मग म्हणाला, "हवालदार साब, लेने आए क्या तोडने?"

"टूटनी है तो यहींच टूटे," अण्णा म्हणाले.

शेवटी त्यांना एक पसंत पडली. जाड, काळी, जड. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, बोटं घसरू नयेत म्हणून पुढे आडवी पट्टी. आपटली तरी हूं की चूं नाही. अण्णांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी मूठ आवळली. बोटं पुरी वळेनात. मी पात्यावर जोर दिला तर मूठ हातात फिरली.

"अण्णा, ही माझ्या हातात बसत न्हाई."

"सवय हुतीय."

"सवयीनं बोटं लांब हुतेत का? ही तुमच्या हाताची हाय. माझ्या न्हाई."

अण्णा सुरी काचेवर ठेवून दुकानातून बाहेर पडले. मला वाटलं, चिडून स्टँडवर गेले. मी मागे गेले तेव्हा ते रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्याशी उभे होते. हातातला कप भरलेलाच होता, त्यांनी तो तोंडाला लावला नव्हता.

"आमची गाडी नाल्यात गेलती," ते म्हणाले. कुणाला सांगतायत असं वाटू नये अशा आवाजात. "मी बाहेर फेकलो गेलो. डायवर आत. त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा लोखंडात गुतलेला. पाणी चढायलं व्हतं. माझ्याकडं सुरी व्हती, जत्रेत घेतलेली. तू फोनात दावलीस तशीच. मुठीत काड्या, दोरा, वर होकायंत्र. लई मिरवायचो मी तिला. पट्टा निम्मा कापला आन पातं मुठीतनं निसटून पाण्यात गेलं."

"मग?"

"मग काय. हातात नुसती मूठ. दातानं बी तोडून बघितलं." ते थांबले. "तो माझ्याशी बोलत व्हता, पोरी. शेवटपत्तर बोलत व्हता."

बसचा हॉर्न वाजत होता, गाड्यावर कढई खणखणत होती. अण्णांनी कप ठेवला.

"मी तवाची सुरी धुंडायलो हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी हातात पायजे व्हती ती. तुला हितं आणून मी माझीच घेत बसलो. दाव तुझा हात."

आम्ही परत दुकानात गेलो. आता अण्णा मागे उभे राहिले आणि मी निवडत होते. त्यांनी दुकानदाराकडून मगभर पाणी मागितलं. "वल्ल्या हातानं धर," म्हणाले, "कोरड्या हाताला समद्याच बऱ्या वाटतेत." मी ओल्या हाताने एकेक मूठ आवळून बघितली. अर्ध्याहून जास्त तिथेच बाद झाल्या. एक लहानशी सुरी होती, पातं तळहाताएवढं, धार साधी, मूठ बारीक आणि खरखरीत. ती हातात घेतली आणि मनगट आपोआप सरळ झालं. अण्णांना ती फार छोटी वाटली होती, हे मला त्यांच्या कपाळावरून कळलं. पण त्यांनी ती फक्त पायरीवर आपटून बघितली, आधीच्यांपेक्षा जरा जास्तच.

युनिटमध्ये साहेबांनी परवानगी दिली. बरेच महिने त्या सुरीने मी दोऱ्या आणि बिस्किटांची खोकी कापली. मग एका सकाळी ताफ्यातली एक गाडी बर्फावरून घसरून रस्त्याच्या कडेला उलटली. ड्रायव्हर नायक हुद्द्याचा, ओडिशाचा जवान होता. त्याचा पाय दबलेला, सीटच्या पट्ट्याची कळ अडकलेली, आणि सगळीकडे डिझेलचा वास. माझे हातमोजे भिजले होते म्हणून मी काढून टाकले. बोटांना काही कळत नव्हतं. पट्टा कापला आणि मागच्या जवानांनी त्याला ओढून बाहेर घेतलं. एवढंच. सांगायला गेलं तर फारच थोडं.

संध्याकाळी मी अण्णांना फोन केला.

"मूठ फिरली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"एका दमात कापला?"

"दोनदा वडावं लागलं."

मग म्हणाले, "तो कुठाय?"

"दवाखान्यात. पाय मोडलाय, बाकी बरा हाय."

"बोलायला येतंय त्याला?"

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून फोन जोडून दिला. अण्णांनी आपल्या हिंदीत विचारलं, खाना खाया क्या, पैर कैसा है, घर में कौन कौन है. नायक जरा गोंधळला, पण बोलत राहिला. मला वाटलं, झालं. पण त्यानंतर अण्णा दर रविवारी त्याला फोन करू लागले. तो बरा झाला, त्याची दुसऱ्या युनिटला बदली झाली, मलाही त्याची खबर अण्णांकडूनच कळायची. त्याच्या मुलीचं बारसं, बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं. "आमच्यापरीस त्याच्याशीच जास्त बोलतेत," गंगाक्का म्हणाली. "फोन कानाला लावून पार शेतापत्तर चालत जातेत."

गेल्या उन्हाळ्यात अण्णा शेतातच पडले, ते उठलेच नाहीत. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात, म्हणून त्यांना शेतातच माती दिली. मला वेळेवर सुट्टी मिळाली नाही. काही आठवड्यांनी मिळाली तेव्हा मी मुडबीत उतरले आणि घरी न जाता आधी गंगाक्काकडे गेले.

ओसरीवर एक माणूस जेवत बसला होता. पाय लांब केलेला, शेजारी बॅग. मला बघून तो उठायला लागला, तेव्हा मी त्याला ओळखलं. नायकच होता.

"रविवार को फोन नहीं आया," तो म्हणाला. "फिर अगले को भी नहीं. हमने किया तो बंद. छुट्टी मिली तो सोचा, देख आएँ."

गंगाक्काने मला चुलीकडे ओढलं. "सकाळधरनं आलाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "अण्णा कुठं हाईत इचारायलाय. माझ्या तोंडातनं निघंना गं. शेतात हाईत म्हनले. खोटं न्हाई की ते."

"न्हाई, अक्का."

"मग तूच घेऊन जा त्याला."

तो हात धुऊन आला. बॅगेतून त्याने घरून आणलेली मिठाई काढली, कागदात नीट बांधलेली, आणि ती हातात घेऊन विचारलं, "खेत दूर है?"

"नहीं," मी म्हणाले. आणि आम्ही निघालो. तो लंगडत होता म्हणून मी सावकाश चालले.