देवजीबाबांना मी शुद्ध बोलायला शिकवलं

चहा आधी संपवा, मग सांगतो. हे ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुम्हाला कडू लागेल, आणि लागायलाच हवा. माणूस माती खातो ती स्वतःपुरती. मी एका अख्ख्या पाड्याच्या वाट्याची खाल्ली.

मी निवेदक आहे. पोटासाठी नाही, हौसेने. बँकेतून निवृत्त झालो आणि विरारला आमच्या सोसायटीचा गणपती असो, कुणाची एकसष्टी असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, माईक माझ्या हातात. शुद्ध बोलणं हा माझा धर्म. बायको त्याला व्यसन म्हणते.

आमच्या बाजारात लाडकीताई रानभाज्या विकायला बसते. शेवळं, करटोली, कुड्याची फुलं, जो मोसम असेल ते. तिचा पाडा महामार्गाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर कागदावर वनखात्याचा. पण सरपण, भाज्या, गवत, झऱ्याचं पाणी, सगळा पाडा त्याच्याच जिवावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला. कायदा असा आहे की अशा गावाला त्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. मग जंगल राखायचं कसं आणि वापरायचं कसं, हे गाव ठरवतं. त्यासाठी पाड्याने वनहक्क समिती केली होती. लाडकीताई तिची अध्यक्ष. मी बिचारा इतकी वर्षं तिच्याशी भाजीच्या भावावरून घासाघीस करत होतो.

घाई का होती? तर डोंगराखाली कुणीतरी फार्महाऊसचे प्लॉट पाडले होते आणि त्यांचं तारेचं कुंपण दर मोसमात जरा जरा वर सरकत होतं. हक्क हातात आला की ते अडवता येणार होतं.

एक दिवस भाजी देता देता लाडकीताई म्हणाली, "काका, तुमी लय चांगला बोलता. आमच्या देवजीबाबाला जरा शिकवाल का?"

देवजीबाबा पाड्यातले सगळ्यांत म्हातारे. अशा दाव्यात म्हाताऱ्या माणसांची साक्ष पुरावा म्हणून धरतात आणि बाबांची साक्ष सुनावणीत व्हायची होती. लाडकीताईला भीती एकाच गोष्टीची. आधी ती सुनावणीच्या कार्यालयात गेली होती, तेव्हा तिथल्या एका कारकुनाने तिच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली होती आणि शेजारच्या टेबलावरचे सगळे हसले होते.

"मी गप घरी आली," ती म्हणाली. "बाबाला कोनी हसला नाय पायजे."

आता सांगा, इतकी चांगली संधी कुठला निवेदक सोडेल?

पुढच्या मंगळवारी मी पाड्यावर गेलो. चिंचेखाली समितीची बैठक. सगळी घरं हजर, बायका पुरुषांपेक्षा जास्त. ओलं झाड तोडायचं नाही, हे त्यांनी आपसांत आधीच ठरवलेलं. म्हाताऱ्यांना पुढे घालून सगळी हद्द पायाखाली घातलेली. म्हणजे त्यांचं काम झालं होतं. माझी गरजच नव्हती, पण हे मला आज कळतंय.

देवजीबाबा उभे राहिले. बारीक अंगाचे, कमरेला कोयता. म्हणाले, "त्या झऱ्याला दगड माझ्या आज्यानं लावला. वाघ तिथं पानी प्याला यायचा. आमी टोपली वाजवीत जायचो, मंजे त्याला कळावा, मानसा आलीत. मंग तो बाजूला व्हायचा. कंदी कोनाला काय केला नाय."

सगळे मान डोलावत होते. असं बोलणं ऐकून माणसाच्या अंगावर काटा यावा. मला काय ऐकू आलं? मला ऐकू आलं 'पानी'.

"बाबा, पानी नाही, पाणी," मी म्हणालो.

"पानी."

"जीभ वर वळवा. बाण. कण. पाणी."

तिथून सुरू झालं ते थांबेना. 'आमचा रान' नाही, 'आमचं रान'. 'मानसा' नाही, 'माणसं'. वाघाची गोष्ट विषयाला सोडून आहे म्हणून मी ती काढून टाकली. टोपली काढली. आज्याचे 'पूर्वज' केले. सुरुवातीला एक छोटंसं प्रास्ताविक घातलं, शेवटी आभार. बाबांची स्मरणशक्ती इतकी तल्लख की एकदा सांगितलेलं पक्कं बसायचं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "सोसायटीतल्या कुणाला हे जमणार नाही."

बायको म्हणाली, "अहो, पण ते त्यांचं बोलणं राहिलं का?"

मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही.

बाबांनाही गोडी लागली. पाड्यात कुणी 'लोनी' म्हटलं की ते 'लोणी' म्हणायचे. एकदा घरी सुनेला म्हणाले, "सूनबाई, मला भोजन वाढा." तिला वाटलं म्हाताऱ्याला ताप चढला. तिने कपाळाला हात लावून बघितला.

सुनावणीच्या दिवशी मी त्यांना माझा इस्त्रीचा सदरा दिला. कोयता घरी ठेवायला लावला. सगळा पाडा टेम्पोत बसून निघाला. कुठल्या कार्यालयात, ते विचारू नका.

सुनावणी घेणारा साहेब तसा सभ्य माणूस होता. सकाळपासून लोक ऐकून दमलेला. बाबांना बघून खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. हात मागे बांधून उभे राहिले आणि सुरू झाले.

"आदरणीय महोदय आणि उपस्थित मान्यवर. आमच्या पूर्वजांनी या वनाचे जिवापाड जतन केले आहे."

साहेबाने पेन खाली ठेवलं. मी मागच्या बाकावर ओठ हलवत होतो, लग्नात मुलीचा बाप मंगलाष्टकं पुटपुटतो तसा.

"बाबा, कुठले तुम्ही?" साहेबाने विचारलं.

"मी मूळचा येथीलच रहिवासी आहे."

"शाळा किती?"

"शिक्षणाची संधी लाभली नाही."

"मग हे असं बोलायला कुणी शिकवलं?"

बाबांना खोटं बोलता येत नाही, ते मी शिकवलंच नव्हतं. त्यांनी मोठ्या अभिमानाने माझ्याकडे हात केला. "आमचे मार्गदर्शक."

साहेब माझ्याकडे वळला. "आपण कोण?"

"मी विरारला राहतो."

"पाड्यातले नाही?"

"नाही. मूळ साताऱ्याकडचा."

"मग यांच्या जंगलात तुमचं काय काम? पाड्यात जागा बघताय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदिवासींना पुढे उभं करून मागून जमिनी लाटणारे दलाल या माणसाने आयुष्यभर पाहिले होते, आणि आता तो मलाही त्यांच्यातलाच एक समजत होता. मी निव्वळ कलावंत आहे हे सिद्ध करायला खिशातून माझं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते मोठ्याने वाचलं. "सूत्रसंचालन, निवेदन आणि कार्यक्रमांचे आयोजन." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे हा कार्यक्रम तुम्हीच आयोजित केलाय."

मागे कुणीतरी हसलं. ज्या हसण्याला लाडकीताई घाबरत होती, ते शेवटी झालंच. मीच घेऊन आलो होतो ते.

लाडकीताई पुढे झाली. "साहेब, बाबाला त्याच्या बोलीत इचारा. तो सगला सांगंल."

साहेबाला ते पटलं. खरंच पटलं. तो बहुधा खानदेशाकडचा असावा, कारण त्याचा सगळा आवाजच बदलला. घरच्या माणसाशी बोलावं तसा पुढे वाकून म्हणाला, "बाबा, घाबरू नका. तुमच्या भाषेत सांगा. पाड्यावर पानी कुठून आनता?"

हीच ती वेळ. झरा, आजा, दगड, वाघ, टोपली, सगळं एका श्वासात बाहेर यायला हवं होतं. मी देवाचं नाव घेतलं.

बाबा नम्रपणे म्हणाले, "क्षमा असावी महोदय. पानी नव्हे, पाणी."

साहेबाचे कान लाल झाले. लहानपणी त्यालाही कुणी तरी असंच हटकलं असणार, त्याशिवाय चेहरा असा होत नाही. त्याने फाईल मिटली आणि कारकुनाला सांगितलं, "साक्षीदार पढवलेला. मागे बाहेरच्या माणसाचा हात. दावा फेरतपासणीला परत पाठवा."

आम्ही टेम्पोने परत निघालो. कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. देवजीबाबा माझ्या शेजारी बसले होते, सदऱ्याला चुरगळ पडू नये म्हणून ताठ. त्यांनी हळूच विचारलं, "माझे काही चुकले का?"

मी म्हणालो, "नाही बाबा. तुमची एकही चूक झाली नाही."

त्यांना बरं वाटलं. मला अजूनही जेवताना ते आठवतं.

दावा परत आला ही बातमी खाली प्लॉटवाल्यांना आम्ही घरी पोचायच्या आत कळली असावी. लवकरच कुंपण पुन्हा वर सरकलं, आणि या खेपेला झराच आत गेला. पाड्यातल्या बायका तारेला वळसा घालून डोंगराच्या वरच्या मोकळ्या बाजूने पाण्याला जायला लागल्या. हे मला लाडकीताईने बाजारात सांगितलं. आवाज चढवला नाही, माझी भाजी तोलून दिली.

पाडा मात्र हातावर हात ठेवून बसला नाही. चिंचेखाली पुन्हा बैठक झाली. साहेबाने स्वतः डोंगरावर यायचं आणि बाबांची साक्ष झऱ्यावर उभं राहून ऐकायची, अशी मागणी त्यांनी केली. आणि तोवर रानाच्या वाटेवर घराघराने पाळी लावून राखण बसवली. मोजणीवाले, प्लॉट बघायला येणारे, दलाल, कुणीही अनोळखी दिसला की अडवायचा, विचारायचं आणि परत पाठवायचा. मोजणीवाल्यांना तर दोनदा गाडी वळवावी लागली.

मला बातमी कळली तेव्हा ऊर भरून आला. आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. झऱ्यावरच्या त्या साक्षीला थोडीशी प्रस्तावना असली तर? अगदी थोडी. साहेबाला पार्श्वभूमी समजेल इतकीच. बायकोला सांगितलं नाही. टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली आणि निघालो.

पाड्याच्या अलीकडे वाटेवर दोन बायका काठ्या घेऊन बसलेल्या. एक देवजीबाबांची सून. मला बघून दोघी उठल्या आणि काठ्या आडव्या धरल्या.

"कुठं चाललात?"

मी हसलो. म्हटलं, "अगं, मला ओळखलं नाहीस का?"

"वळखला ना, काका," ती म्हणाली. "म्हनून तं अडवला."