कण्हेरीवर घातलेला आळ
उन्हात तापलेल्या कोंड्याचा वास आला, की सांडोरची आमची केळीची वाडी आठवते. स्वातंत्र्यानंतरचा दुसरा उन्हाळा असेल. खतासाठी वाडीत घाटावरच्या धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या, आणि त्या फार रोडावल्या होत्या. शेतकीच्या एका पत्रकात मी वाचलं होतं, की खाटीकखान्यातलं रक्त उकळून, कडक वाळवून कोंड्यात मिसळलं तर मेंढ्या अंग धरतात. मी ते गुपचूप आणलं. पण धीर धरला नाही, ओलसरच आंबोणात, मेंढ्यांना घालायच्या भिजवलेल्या कोंड्यात, कालवलं. सकाळी चार मेंढ्या फुगून मेलेल्या. "मालक, काय खाल्लं वं यांनी?" म्हाताऱ्या धनगरानं विचारलं. रक्ताचं कळलं असतं तर त्यानं तेव्हाच कळप उठवला असता. "कुंपणाची कण्हेर," मी म्हणालो. तो मेंढ्या राखणाऱ्या सुनेवर उखडला, "तुझं ध्यान कुठं व्हतं गं?" "मामंजी, म्या त्यास्नी तिकडं फिरकूबी दिलं न्हाई," म्हणत ती माझ्याकडे पाहू लागली. मी आंबोणाची घमेली धूत राहिलो. पुढल्या उन्हाळ्यात कळप आला, सून आली नाही. "माहेरी धाडली कायमची," म्हातारा म्हणाला, "मेंढरं मारनारी बाई काय करायची?" मी त्याला प्यायला पाणी दिलं. आता माझी पन्नाशी उलटली. मेंढ्यांनी कण्हेर खाल्ली नव्हती. त्या माझ्या आंबोणानं मेल्या.